शामकलाचा चिकट भात

शामकला कामाला वाघीण होती. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिच्या पुढं कुणाचा हात जात नसे आणि आमगावच्या बाजारात काटा मारणाऱ्या भाजीवाल्याची तिनं केलेली फजिती गाव अजून चवीनं सांगतं. पण बाईला एक दुखणं होतं आणि ते शेजारच्याच अंगणात राहत होतं. थोरली जाऊ, सुशीलाबाई.

भांडणासारखं काहीच नव्हतं. सुशीलाबाईचा भात मोकळा व्हायचा, एवढंच. नव्याच्या दिवशी, म्हणजे नवा तांदूळ देवाला दाखवून खायचा त्या दिवशी, दोन्ही घरं एका पंगतीला बसत. दोघी जावा सासूनं दिलेल्या काळ्या सालीच्या जुन्या वाणाच्या धानाचा भात रांधत. सुशीलाबाईच्या भाताचा दाणा दाण्याला शिवत नसे. शामकलाचा भात पळी सोडायला तयार नसे. तिनं पाणी कमी केलं, जाळ कमी केला, पेज काढून पाहिली, एका वर्षी नवसही बोलली. गोळा तो गोळाच. नवरा योगराज एरवी तोंड न उघडणारा माणूस, पण त्या दिवशी न चुकता म्हणायचा, "वहिनीच्या हाताले गुण हाये." मग शामकलाच्या पोटात जे पेटायचं ते पुढच्या नव्यापर्यंत विझायचं नाही. जळायची, सरळ जळायची ती, आणि मनाशी ते कबूलही करायची.

बियाण्याला बोल लावावा तर तीही सोय नव्हती. वीस वर्षांपूर्वी घरं वेगळी झाली तेव्हा सासू जमुनाबाईनं बियाण्याची दोन मडकी काढली. दोन्ही सारखीच, तोंडं शेणानं लिंपलेली. एक थोरलीपुढं ठेवलं, एक धाकटीपुढं. मग थोरलीच्या कानाशी लागून ती काहीतरी पुटपुटली. झालं! चांगलं बी थोरलीला गेलं, हे शामकलानं तिथंच ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी सुशीलाबाई तलावावर धुणं घेऊन गेली आणि शामकलानं मडक्यांची अदलाबदल केली. म्हणजे आपल्या बांधीत, धानाच्या शेतात, पिकतं ते थोरलीचंच बी. तरी भात चिकट! मग दोष हाताचाच, दुसरं काय? चोरी कुणाला सांगता येत नव्हती आणि हाताला धुऊन गुण येत नव्हता.

या कार्तिकात धानाच्या जुन्या वाणांचा अभ्यास करणारी टीना नावाची मुलगी गावात आली. वाण जपणाऱ्या बाईचं नाव त्या वाणापुढं पुस्तकात छापणार होते. गावानं एका तोंडानं सुशीलाबाईचं घर दाखवलं. आता हे नाव छापूनही येणार, या विचारानं शामकलाचा घास गोड लागेना. आपल्या तांदळाची ओंजळ पदरात बांधून ती न बोलावता जावेच्या अंगणात जाऊन बसली.

टीनानं दोघींचे दाणे पात्यानं कापले आणि प्रत्येकावर आयोडीनचा थेंब टाकला. सुशीलाबाईचे दाणे निळे-काळे झाले. शामकलाचे मात्र विटकरी.

"हे तर दोन वेगळे वाण आहेत," टीना म्हणाली. "तांदळात स्टार्च दोन तऱ्हेचा असतो. एकाची साखळी सरळ, दुसऱ्याची फांद्याफांद्यांची. सरळ साखळी तयार करणारं जनुक शामकलाबाईंच्या धानात बंद पडलंय, म्हणून फांद्यांचाच स्टार्च भरतो आणि भात चिकटतो. कुणीही रांधला तरी चिकटच होणार."

"म्हणजे माया हाताचा दोष नाई?"

"मुळीच नाही. आणि धान बहुतेक स्वतःच्याच परागावर दाणा धरतं, म्हणून बांध्या शेजारी असूनही दोन्ही वाण टिकलेत."

वीस वर्षांचं ओझं उतरलं. शामकलाला मोठ्यानं हसावंसं वाटलं. तेवढ्यात सुशीलाबाई म्हणाली, "असं कसं होईन? चिकट बी तं मायं होतं."

"काऊन?" शामकलानं विचारलं.

"बुढीनं कानात सांगतलं होतं ना. 'धाकटीले अजून भात जमत नाई, लोकं हासतीन तिले. मोकळा तिले देल्लो. चिकट तू घे, तुया हाताले जमन.' पयल्याच वर्षी मोकळा झाला. मी समजलो, माया हाताचाच गुण हाये."

सासूनं शामकलाची अब्रू झाकायला जे दिलं होतं, तेच तिनं स्वतःच्या हातानं उचलून देऊन टाकलं होतं. जळत होती ती कुणावर, तर आपल्याच धानावर!

टीनानं वही उघडली. "मग मोकळ्या वाणापुढं नाव कुणाचं लिहू?"

नाव मागायचं तर चोरी सांगावी लागणार होती. चूप राहावं तर आपला वाणही छापून जावेचाच होणार. शामकलानं पदराची गाठ दोनदा सोडली, दोनदा बांधली.

"तिचंच लिवा," ती शेवटी म्हणाली. "बी मायं होतं. मीनं मडकी बदलवली, ही तलावावर गेली तवा. पण वीस वर्षं पिकोलन तिनं. चिकटापुढं मायं लिवा."

आता सुशीलाबाई भडकेल, शिव्या देईल, असं तिला वाटलं. पण सुशीलाबाई नुसती आपल्या दोन्ही हातांकडं पाहत राहिली. "मंग माया हातानं काईच नव्हतं होऊन राहिलं," ती हळूच म्हणाली. "मोकळा तं तुलेच देल्लन बुढीनं."

तिनं मान वर केली. ती नजर शामकलानं लगेच ओळखली. वीस नवे तिनं त्याच नजरेनं जावेच्या ताटाकडं पाहिलं होतं.