कुंकू लावलेले हेडलाइट

समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीने माझे डोळे दिपवायचे आणि मी सज्जनासारखं डिपर मारत बसायचं, हे एक दिवस मला असह्य झालं. सक्करदऱ्यातल्या एका दुकानात जाऊन मी गाडीचे पिवळे, मरतुकडे दिवे काढून टाकले आणि पांढरेफक्क एलईडी बसवून घेतले. आता बघतोच एकेकाला!

घरी आलो तर आई पूजेचं ताट घेऊन दारातच उभी. आमच्याकडे मिक्सर आणला तरी त्याची पूजा होते. मी म्हटलं, बॉनेटवर स्वस्तिक काढ. ती म्हणाली, "काहून? नवीन तं लाइट आहे न!" आणि तेलात कालवलेल्या कुंकवाचं जाडजूड स्वस्तिक तिने दिव्यांच्या दोन्ही काचांवर काढलं. वर ताकीद दिली, "पुसू नको बाप्पा, चांगलं नसते."

संध्याकाळी तिला घेऊन पारशिवनीला मामाकडे निघालो. रस्त्यावर लालसर, मिणमिणता उजेड पडत होता आणि समोरचे मला नेहमीसारखेच आंधळं करून जात होते.

आई बराच वेळ समोर बघत राहिली. मग म्हणाली, "तुले त्या दुकानदारानं फसवलं गा."