काळ्या लाटांचं मडकं

खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी घरातले सगळे नळ दुरुस्त केले. नळ संपले, तेव्हा वाचनालयातून चित्रांचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि त्यातल्या एका पानावरच अडकले. चीनमधलं, हजारो वर्षांपूर्वीचं मडकं होतं ते. पोट गरगरीत, माती लालसर आणि अंगभर काळ्या रेघांच्या लाटा, पाण्यातल्या भोवऱ्यांसारख्या.

"मातीच्या वळ्या एकावर एक रचून केलंय," हे म्हणाले. "आपल्यालाही जमेल."

"आपल्याला म्हणजे कोणाला?" मी विचारलं.

गॅलरीत माती आली. पहिलं मडकं वाळता वाळता तडकलं, दुसरं एका बाजूला बसलं. तिसरं मात्र उभं राहिलं. गुळगुळीत गोट्याने घासून ह्यांनी त्याला चकाकी आणली. मग रंगवायला बसले, तर पहिलीच रेघ वाकडी गेली. ती पुसून त्यांनी कुंचला माझ्यापुढे धरला.

"तू रांगोळी काढतेस. तुझी रेघ तुटत नाही."

बँकेत आयुष्यभर मी लोकांच्या सह्या तपासल्या. कुंचला शाळेनंतर हातात धरला नव्हता. पण ह्यांनी मडकं हळूहळू फिरवत ठेवलं आणि मी रेघ ओढत गेले. पूर्ण वळसा घालून ती निघाली होती तिथेच येऊन मिळाली. तरी ह्यांचं मडकं फिरवणं थांबेना.

भाजायला मांजरी गावी माझ्या धाकट्या भावाच्या शेतावर गेलो. मडक्याभोवती गोवऱ्या आणि उसाचं पाचट रचलं.

"ताई, दुकानात तयार मिळतात," भाऊ म्हणाला.

"साखरही मिळते. म्हणून तू ऊस लावायचा थांबलास का?"

ढीग दिवसभर धुमसला. आम्ही तिथेच मुक्काम केला. सकाळी ह्यांनी काठीने गार राख बाजूला सारली. मडकं लालभडक निघालं होतं. एका कुशीला धुराचा डाग होता, पण लाटा शाबूत होत्या. ह्यांनी बोटाने टिचकी मारली, तसा खणखणीत आवाज आला. हे राखेतच बसून मोठ्याने हसायला लागले आणि त्यांना बघून मलाही हसू आवरेना.

भावाने मडकं सगळीकडून निरखलं. "दाजी, मला एक करून द्याल?"

"ताईला विचार. रेघ तिची आहे."

मी लगेच हो म्हटलं नाही. आधी चहा टाकायला सांगितला.