बीरगांवची खोली

शेजारी भिंतीला चुना लागतोय. त्या ओल्या वासाने रायपूर राजधानी झाली तेव्हाची आमची बीरगांवची खोली आठवली. रस्ता रुंद करताना पुरानी बस्तीतलं घर पडलं होतं. तिथे रोज आमची कौटुंबिक प्रार्थना व्हायची. नुकताच चुना लावलेल्या या खोलीत आई सामान न सोडता बसली होती.

"देव तिकडंच राहिला," ती म्हणाली.

बाबा तिच्याजवळ जमिनीवर बसले. "यहेज्केल संदेष्ट्याले देव बंदिवासातल्या लोकायसंगं दिसला ना? मंग बीरगांवले काहून नाही येणार?"

"येऊ द्या. पण त्याले सांगा, इथं पंखा नाही," म्हणत आई हसली आणि तिने स्टोव्ह काढला.

तेव्हा बाबा मला निर्धास्त वाटले होते. आज कळतं, तेही घाबरले होते, आणि ते आईइतकंच स्वतःलाही समजावत होते.