फुकुओकातला जुना फ्लॅट

आमच्या मुलाने जपानमध्ये, फुकुओकात, जुना फ्लॅट घ्यायचं ठरवलं, तेव्हा आम्ही दोघं दुबईतल्या बर दुबई भागात भाड्याच्या घरात बाविसावं वर्ष काढत होतो. इमारत आमच्या लग्नाहून सहा वर्षांनी मोठी. किंमत ऐकून ह्यांनी मोबाइल काढला, येनचे दिरहम केले, दिरहमचे रुपये केले आणि म्हणाले, "एवढ्या स्वस्तात? काहीतरी लोचा आहे."

रविवारी सकाळी सहाला व्हिडिओ कॉल. तिकडे अकरा वाजले होते. एजंटबाईंनी कमरेत वाकून नमस्कार केला. हेही सोफ्यावरून उठून वाकले. त्या पुन्हा वाकल्या, मग हेही.

"बाबा, स्टॉप! यू स्टॉप, देन शी विल स्टॉप," मुलगा कळवळला.

मी सगळे नळ सोडून बघायला लावले. गॅसकडे तोंड केल्यावर पूर्व येते का, तेही विचारलं. एजंटबाई बराच वेळ बोलल्या. मुलाने भाषांतर केलं, "शी सेज, बाल्कनी गेट्स गुड सन."

ह्यांचा प्रश्न एकच होता. "सोसायटीच्या मीटिंगांची मिनिट्स मागून घे."

इथे येण्याआधी हे डोंबिवलीच्या सोसायटीचे चार वर्षं सेक्रेटरी होते. दुबईत भाडेकरूला कोण विचारतंय? लिफ्ट बंद पडली की वॉचमनला फोन करायचा, तो "इन्शाल्ला" म्हणतो, विषय खलास. बावीस वर्षांत माणसाला धड एक भांडण मिळालेलं नव्हतं. आठ वर्षांची मिनिट्स आली, तसे हे रोज हमरियातल्या नोकरीवरून आले की चहा घेऊन मोबाइलवर भाषांतर करत बसू लागले.

"अगं, ऐक. सायकल कुठे लावायची, यावर तीन वर्षं वाद चाललाय. आणि हे बघ, 'चौथ्या मजल्यावरच्या मांजरीने सर्वांची माफी मागावी.' भली माणसं आहेत गं!"

पाचव्या दिवशी मात्र ह्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला. दरवर्षीच्या मिनिट्समध्ये एक विषय होता. सांडपाण्याचे पाइप जुने झालेत. आणि दरवर्षी खाली तेच उत्तर: पुढच्या वर्षी विचार करू.

ह्यांनी मुलाला फोन लावला. तो वैतागला. "बाबा, यू आर ओव्हरथिंकिंग. आय लाइक द प्लेस."

"आवडू दे की. पण एकदा विचार."

दोन दिवस त्याचा फोन आला नाही. ह्यांनी जेवताना मीठ कमी असल्याची तक्रारसुद्धा केली नाही, म्हणजे बघा. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. पाइपांचं काम पुढच्या हिवाळ्यात खरंच ठरलं होतं. प्रत्येक घरातल्या न्हाणीघराची जमीन उकरणार, आणि खर्चाचा वाटा घरमालकाचा. विकणाऱ्या आजीबाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना वाटलं होतं, एजंटने सांगितलं असेल. तेवढी रक्कम त्यांनी आपणहून कमी केली.

"बाबा, थँक यू," मुलगा म्हणाला. आणि मग, अडखळत, चक्क मराठीत, "मला हे सुचलंच नसतं."

ह्यांनी "बरं, बरं" म्हणून फोन माझ्या हातात दिला आणि हे बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही घर बघायला गेलो आणि नेमके पाइपांच्या कामात सापडलो. आठ दिवस अंघोळ गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात. बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी; पण आत कपडे म्हणून काही अंगावर ठेवायचं नाही. मी म्हटलं, इथे मला कोण ओळखतंय, आणि खुशाल गरम पाण्यात जाऊन बसले. हे पहिल्या दिवशी पाच मिनिटांत कोरडेच बाहेर आले. "आजारी पडलो तरी चालेल," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलाने जवळजवळ ढकलतच नेलं.

चौथ्या दिवशी मी आणि मुलगा बाहेर थंडीत अर्धा तास कुडकुडत उभे. शेवटी हे आले. तोंड लालबुंद, खांद्यावर टॉवेल. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा आत भेटले होते, त्यांच्याशी खुणांनी गप्पा रंगल्या होत्या.

"काय बोललात एवढं?" मी विचारलं.

"काय माहीत," हे म्हणाले, "पण उद्या पाचला बोलावलंय."