कॅनडाला गेलेले टाक

मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी, डिसेंबर महिना. हजर: सासूबाई, माझे भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, माझा नवरा आणि मी. गैरहजर: जाऊबाई आणि पुतणी, दोघी कॅनडात. चंपाषष्ठीला आलेले भाऊबंद आपापल्या गावी परतले होते. जागा: मधली खोली, देव्हाऱ्यासमोर. सकाळचा चहा चालू होता.

घरात कार्य असलं की कोण आलं, काय उरलं, काय कमी पडलं, हे मी टिपून ठेवते. त्या सकाळी झालं त्याला कार्य म्हणावं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमचं गाव मोताळा तालुक्यात, धामणगाव बढ्याच्या अलीकडे. शेतात वांगी, मिरची, थोडी कपाशी. देव्हाऱ्यात खंडोबा, देवी आणि घरातले पूर्वज यांचे चांदीचे टाक. टाक म्हणजे लहानसे पातळ पत्रे, त्यावर ठोकून काढलेल्या मूर्ती. आमच्याकडे शेतं वाटली जातात, भांडी वाटली जातात, टाक वाटत नाहीत. ते थोरल्याचे. थोरला परदेशी, म्हणून त्याच्या वतीने आम्ही सांभाळायचे. चंपाषष्ठीला सगळे भाऊबंद याच घरी जमतात. रोडगे आणि वांग्याचं भरीत होतं, आणि पाच पुरुष मिळून तळी उचलतात, म्हणजे भंडारा-खोबऱ्याचं ताट येळकोटाच्या गजरात वर धरतात.

भासरे कॅनडाला गेले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. नोकरी पक्की झाली की येतो, असं आधी सांगायचे. मग मुलीची शाळा झाली की येतो. सासूबाईंनी वरची खोली त्यांच्यासाठी राखली. त्या खोलीत कांदे टाकायला मला आजही परवानगी नाही.

या पावसाळ्याच्या शेवटी त्यांचा फोन आला. देव्हाऱ्याचं माप हवं होतं: उंची, रुंदी, आतल्या पायऱ्या, सगळं. मी टेप लावून मोजलं आणि फोटोसकट पाठवलं. आम्हां तिघांनाही एकच वाटलं, की भासरे आता इथे नवं घर बांधणार आणि त्यात देवघर करणार. सासूबाईंनी गल्लीत सांगून टाकलं, "थोरला येऊन राह्यला. आधी देवाची जागा पाहून राह्यला, मंग आपली." नवऱ्याने गवंड्याला बोलावून घरामागची मोकळी जागा दाखवली. माप कुठल्या घरासाठी हवं, हे कोणीच विचारलं नाही. थोरल्याला असं विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

आता कॅनडाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. काही वर्षांपूर्वी मी सासूबाईंना घेऊन एक उन्हाळा तिथे राहून आले. मोठ्या शहराच्या कडेचं उपनगर. भासरे तिथे राहायला गेले तेव्हा रस्त्यावर सगळी गोरी घरं होती, चिनी घर एकच, ते शेजारचं. नवरा-बायको आणि एक मुलगा. त्या बाईने आधी आपल्या सासूला आणलं. मग नवऱ्याचा भाऊ आला, भावाच्या बायकोची बहीण आली, तिच्या मागे त्यांच्या गावचे दोन मित्र. आधी एका दुकानाच्या कोपऱ्यात त्यांची भाजी मिळायची. आम्ही गेलो तेव्हा अख्खी बाजारपेठ त्यांची होती. पाट्यांवर वर मोठी चिनी अक्षरं, खाली बारीक इंग्रजी. दाताचा डॉक्टर चिनी, औषधाचं दुकान चिनी, बँकेत चिनी बोलणारी मुलगी बसलेली. शनिवारी पोरांची चिनी शाळा भरायची. ती आधी चर्चच्या हॉलमध्ये भरे, नंतर त्यांनी स्वतःची इमारत बांधली. समोरच्या घरातले गोरे म्हातारे पाट्यांवरून कुरकुरत असत. एका उन्हाळ्यात तेही घर विकून निघून गेले, आणि घेणारे चिनीच निघाले.

सासूबाईंना हे सगळं आवडलं होतं. दुकानात कारली आणि चवळीच्या लांब शेंगा दिसल्या तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. शेजारच्या चिनी म्हातारीबरोबर बाकावर बसत. एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी दोघी शेंगा मोडत बसायच्या. मी विचारलं, "आई, काय बोलता तुम्ही दोघी?" म्हणाल्या, "ते तिच्या सुनेची सांगते, मी माह्या."

मराठी घरं त्या भागात दोन होती. दुसरं घर आम्ही असतानाच दुसऱ्या राज्यात गेलं.

तर चंपाषष्ठीसाठी आलेल्या भासऱ्यांनी त्या सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आई, टाक घेऊन जातो म्हनतो."

"कुठी?"

"घरी." मग त्यांनाच ते खटकलं असावं. "तिथल्या घरी. देव्हारा करून घेतला आहे. हिनं माप पाठोलं होतं ना, बराबर तसाच."

नवरा माझ्याकडे पाहायला लागला. मी कप उचलायला घेतले, कारण काहीतरी करणं भाग होतं.

"कोन केला?" सासूबाईंनी विचारलं.

"चिनी सुतार आहे. त्याईच्या घरोघरी पूर्वजाईची फळी राह्यते. तो तेच करते. त्याले लगेच समजलं."

मग त्यांनी शेजाऱ्याचं सांगितलं. शेजाऱ्याचे वडील चीनमध्ये गावाकडे पुरलेले होते. दोन वर्षांमागे तो गेला आणि त्यांच्या अस्थी काढून घेऊन आला. तिथल्या स्मशानात आता चिनी लोकांचा वेगळा भाग आहे, तिथे ठेवल्या. वसंतात सगळं खानदान जाऊन थडगं झाडतं, फळं ठेवतं. भासरे म्हणाले, "त्या दिवसापासून तो गावाले जातो म्हनत नाही. आधी दरवर्षी म्हने. आता त्याचं सगळं तिथंच आहे. मले वाटलं, आपलंबी आता एका जागी असावं."

सासूबाईंनी पदर सारखा केला. "त्याचे हजार लोक हायत तिथं. तुहे किती?"

"तीन."

"पोरगी?"

"ती शिकाले दुसऱ्या शहरात आहे."

"म्हंजे दोन. तळी कोन उचलन?"

"शेजारचे येतीन. त्याईले विचारलं मी."

"चिनी?"

"हाव."

"त्याईले येळकोट म्हनता येते का?"

"शिकवीन मी."

माझा नवरा पुढे सरकला. तो म्हणाला, "दादा, इथं आम्ही हाओत ना. काऊन न्याचे मंग?" त्याच्या आवाजात भांडण नव्हतं, म्हणून ते ऐकवत नव्हतं.

भासरे म्हणाले, "इथं तरी पाच कुठं जमले बे? परवा पाचवा कोन होता?"

परवाचा पाचवा ट्रॅक्टरवाला होता. भाऊबंदांची तरणी पोरं पुण्याला, नाशिकला. रोहिणखेडचे काका आले, पण त्यांचा हात खांद्याच्या वर जात नाही. तळी धरून चार जण उभे राहिले, तेव्हा नवऱ्याने वावरातून नांगरटी करणाऱ्याला हाक मारली. त्याने चपला काढल्या, हात धुतले, नीट उचलली. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, निभावलं.

सासूबाई उठल्या. मला वाटलं, आत निघून जातील. त्यांनी देव्हाऱ्यासमोर बसून एकेक टाक खाली घेतला, चिंचेने घासला, पुसला, आणि मला म्हणाल्या, "एखादं नवं फडकं दे वो. जुन्यात नको." मी ब्लाउजपीस दिला. गाठ मारताना त्यांनी मुलाकडे न बघता विचारलं, "म्हंजे तू काही येत नाहीस आता."

"येईन ना आई. भेटाले येईन."

"हाव," त्या म्हणाल्या, आणि गाठ पक्की केली.

गाडी आली. मी भासऱ्यांबरोबर द्यायचं सामान तपासलं: मिरचीचा ठेचा, ज्वारीचे पापड, हळद, जाऊबाईंसाठी साडी. टाक त्यांनी बॅगेत ठेवले नाहीत, अंगावरच्या जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवले. सासूबाई ओट्यापर्यंत आल्या, फाटकापर्यंत आल्या नाहीत.

आठवड्याने फोटो आला. लालसर लाकडाचा देव्हारा, आत टाक ओळीने मांडलेले, वर बारीकसा दिवा. मी फोन सासूबाईंच्या समोर धरला. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "दिवा कोन लावते?" मी भासऱ्यांना विचारून सांगितलं की दोघं कामावर असतात, म्हणून विजेचा बसवला आहे, वेळ झाली की आपोआप लागतो आणि आपोआप बंद होतो. त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला.

आमचा देव्हारा आहे तिथेच आहे. सासूबाई रोज फूल वाहतात, रिकाम्या पायरीवर. मी एकदा म्हटलं की सोनाराकडून नवे टाक करून घेऊ. म्हणाल्या, "थोरला नसताना कोनाच्या हातानं बसवतं?" नवऱ्याने मागच्या जागेत कोथिंबीर लावली. गवंडी मधे एकदा विचारून गेला, बांधायचं काही नाही, हे त्याला मीच सांगितलं.

एक काम मात्र तसंच पडून आहे. आमच्या घरी आता देव नाहीत, हे भाऊबंदांना सांगायचं आहे. धामणगावच्यांना सांगून झालं की रोहिणखेडच्यांना, असं मी ठरवलं होतं. नवरा म्हणतो, तू बोल, तुला नीट सांगता येतं. मी म्हणते, तुमचे भाऊबंद, तुम्ही बोला. रोहिणखेडच्या काकांचा परवा फोन आला होता. खांद्याचं दुखणं कमी आहे म्हणाले, पुढच्या चंपाषष्ठीला वांगी त्यांच्या वावरातली आणतो म्हणाले. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.