फरशीखालचे पाणी

मालतीबाईंना मी पहिल्यांदा पाहिले ते साताऱ्याच्या काकणचौकात, भर दुपारी, मारुतीच्या देवळाच्या पायरीवर डोळे मिटून बसलेल्या. सांगलीहून मी त्यांच्याच शाळेत नोकरीला आले होते. मुख्याध्यापिकांनी "इतिहासाच्या बाईंना भेटा" म्हटले होते, म्हणून शोधत गेले. झोपमोड केली या संकोचाने उभी राहिले, तर डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "बसा. आत्ता इथं फार पूर्वीची दुपार आहे."

बाई त्या चौकाचा इतिहास जमवीत होत्या. साताऱ्यात राजवाडे, किल्ले असताना हा चिमुकला बाजारचौक कशाला, असे आम्ही विचारीत असू. त्या नुसत्या हसत. म्हाताऱ्या माणसांना त्या कधी साल विचारत नसत. "पहाटे काय ऐकू यायचं?" असे विचारत आणि हातात चहाचा कप देऊन स्वस्थ बसत. मग कोणी बैलांच्या घुंगरांबद्दल बोले, कोणी तापलेल्या लाखेच्या वासाबद्दल. त्यांच्यासोबत ऐकताना समोरचा स्टोव्ह दुरुस्तीवाला, रेडिओचे दुकान हळूहळू विरघळून जात आणि ओल्या दगडांचा एक जुना चौक डोळ्यांपुढे उभा राही.

त्या दुपारच्या बोलण्यांत एक आवाज पुन्हा पुन्हा येई, रहाटाच्या करकरण्याचा. रहाट होता, तर आड हवा. पण चौकात आड नव्हता.

दुष्काळाच्या त्या वर्षी नळ आटले. बायका घागरी घेऊन दूरवर भटकत. तेव्हा बाईंनी फुले विकणाऱ्या कोंडाबाईंना विचारले. कोंडाबाई त्या पेठेतल्या सर्वांत वृद्ध. त्या काठी टेकत चौकात आल्या, देवळाकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि उजवीकडे बोट केले.

"हितं व्हता आड. मी नवी नवरी असताना पानी वडलंय की. पलेगात लोकं गेली, तवा फरश्या टाकून झाकला."

त्यांचे बोट महमदभाई मणेरांच्या दुकानाकडे होते. वडिलांपासूनची ती बांगड्यांची टपरी, तेवढाच त्यांचा आधार.

पुढे एकदा शाळेत बाई म्हणाल्या, "मला कळलंय ते खरं असलं तरी एका माणसाची जागा जाणार. आणि पाणी असेलच असं कोण सांगणार?" शेवटी एका संध्याकाळी त्या महमदभाईंकडे गेल्या. मी सोबत होते. बाईंनी काही न लपवता सगळे सांगितले.

महमदभाई बराच वेळ हातातल्या बांगड्या कागदात गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "पानी लागलं न्हाई तर?"

"तर तुमचं दुकान मी उगाच मोडलं, असं होईल."

"माझी आई म्हनायची, ह्या फरशीला कान लावला की गार लागतं. मला वाटायचं, लाडानं सांगती." ते उठले. "आवं बाई, तुमी सांगितलं म्हनून का आड तितं आलाय? हाय तर हाय. काढू या."

रीतसर परवानगी मिळाली. पेठेतल्या निवृत्त फौजींनी पहारी लावून फरश्या उचलल्या. आतून गार, जुनाट वासाचा श्वास वर आला. गाळ काढता काढता तिसऱ्या दिवशी तळाशी आभाळाचा एक तुकडा हलला. पाणी बेताचेच होते, पण तो उन्हाळा पेठेने त्यावर काढला.

त्याच आठवड्यात बाईंनी चौकाकडची आपली पुढची खोली महमदभाईंना दुकानासाठी दिली. भाड्याचा विषयच निघू दिला नाही. दुकान मांडल्यावर महमदभाई म्हणाले, "बाई, पयला हात तुमचा."

बाई ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. त्यांनी हात पदराआड घेतला. खोलीत आम्ही काही बायका होतो. कोंडाबाईच म्हणाल्या, "भर गं पोरी. पेठेला पानी दिलंस, कोन काय म्हनतंय?" बाईंनी हात पुढे केला. हिरव्या नको म्हणाल्या, निळ्या घेतल्या. महमदभाई बांगड्या चढवीत असताना त्या खिडकीबाहेर पाहत होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होते. ते पुसायला त्यांचा दुसरा हात मात्र वर आला नाही.

यंदा बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. शाळेतून त्या निवृत्त झाल्या, पण परवाच त्यांच्याकडे गेले तेव्हा चौकातली एक आजी त्यांच्यासमोर बसून आपल्या लग्नाची वरात सांगत होती आणि बाई डोळे मिटून त्या वरातीत चालत होत्या. त्यांना भरपूर आयुष्य लाभो, गुडघे कुरकुर न करोत, कान असेच तिखट राहोत. आमची पिढी म्हातारी होईल तेव्हा आम्हीही त्यांच्या ओसरीवर जाऊन बसू. पहाटे काय ऐकू यायचे, हे आम्हालाही कोणी विचारावे, आणि ते बाईंनीच विचारावे, एवढेच मागणे.