बंड्यासमोर बोलायचं नाही

आमच्या डॉक्टर मॅडमनी बोलायला तोंड उघडलं रे उघडलं की काका हात वर करायचे. पंजा सरळ मॅडमच्या नाकासमोर. मग डोळ्यांनी दाराकडे खूण आणि अगदी दबक्या आवाजात, "बाहेर बोलूया. त्याच्यासमोर नको."

'तो' म्हणजे टेबलावर बसलेला बंड्या. काकांचा गावठी कुत्रा. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, एक कान कायमचा वाकलेला.

वाकोल्याला जनावरांच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं मदतनीस आहे. कुत्र्यांचे जबडे धरून ठेवायचे हे माझं काम. तऱ्हेतऱ्हेचे मालक बघितलेत. कुत्र्याला इंग्रजीत दम भरणारे, मांजरीला 'माझी आई' म्हणणारे, इंजेक्शन कुत्र्याला आणि चक्कर स्वतःला, असेही. तुमच्या बिल्डिंगीतही एखादा असेलच. पण कुत्र्याचा आजार कुत्र्यापासून लपवणारा माणूस मी हा एकच बघितला.

काका मूळचे मालवणकडचे. साकीनाक्याला एका वर्कशॉपात लेथवर आयुष्य काढलं, मग रिटायर झाले. घरी मुलगा आणि सून. बायको वारलेली. कुत्रा तिचाच, गल्लीतून उचलून आणलेला.

पहिल्यांदा आले तेव्हा बंड्याच्या तोंडाला असा वास येत होता की बाकावरची माणसं आपोआप दाराकडे सरकली. लाळ गळत होती आणि लाळेत रक्त होतं. मॅडमनी विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"जरा तोंड आलंय त्याचं," काका म्हणाले. "उष्णता, दुसरं काय नाय."

मी बंड्याचा ओठ वर केला. पार वाट लागली होती! दातांवर तपकिरी, दगडासारखा थर चढलेला. हिरड्या सुजलेल्या, हात लावला की रक्त. मागची दाढ बोटाने हलत होती. त्यात काकांनी घरगुती उपाय म्हणून लाल दंतमंजन चोळलेलं, तेही थरात जाऊन बसलं होतं. "शिंकून शिंकून बेजार झाला बिचारा," हे वर कौतुकाने सांगत होते. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काका, आधी आणायला काय झालं होतं तुम्हाला? हे दात..."

पंजा वर.

मग आमची वरात निघाली बाहेर. बंड्याला टेबलाच्या पायाला बांधलं आणि मॅडम, काका, मागून मी, असे पायरीवर येऊन उभे राहिलो. समोर रिक्षांचे हॉर्न. मॅडमना ओरडून सांगावं लागलं, "काका, दात कुजलेत! भूल देऊन साफ करायला लागतील! बरेचसे काढायला लागतील!" समोरचा पानवाला, रिक्षावाले, बसची वाट बघणारी माणसं, सगळ्यांना कळलं. बंड्या मात्र काचेच्या दारामागे मान वाकडी करून आमच्याकडे बघत होता.

पुढेही तेच. एकदा माझ्या तोंडून आतच निघून गेलं, "याच्या दाढा काढायच्यात ना?" काकांनी झटकन बंड्याचे दोन्ही कान तळव्यांनी झाकले आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी भर मांडवात शिवी दिली. त्या दिवशी हसून हसून माझी पुरेवाट झाली.

त्यानंतर एकदा मॅडम बाहेर बोलून आत गेल्या आणि काका पायरीवरच थांबले. मला म्हणाले, "बाय, तू खरं सांग. तेच आहे ना?"

"तेच म्हणजे?"

तेव्हा सगळं बाहेर आलं. काकू मशेरी लावायच्या. सकाळी गॅलरीत बसायचं, तंबाखूची राख दातांवर घासत, चांगला वेळ लावून. बंड्या शेजारी. घासून झालं की तो त्यांची बोटं चाटायचा. पुढे काकूंना तोंडाचा कॅन्सर झाला. "तिच्या तोंडातलं ह्याच्या तोंडात आलं, बाय," काका म्हणाले. म्हणूनच एवढे दिवस त्यांनी बंड्याला आणलं नव्हतं. आणलं तर नाव कळेल ना!

काकूंना मात्र शेवटपर्यंत नाव कळू दिलं नव्हतं. आपल्याकडे असंच करतात, नवीन काय त्यात. काका, मुलगा, गावाहून येणारे दीर, सगळ्यांनी एकच वाक्य पाठ केलं होतं, तोंड आलंय. डॉक्टरांना बाहेर घेऊन जायचं, जे ऐकायचं ते ऐकायचं, डोळे पुसायचे आणि हसत आत यायचं.

"कळू दिलं नाय तिला," काका म्हणाले. मग म्हणाले, "पण कळलं असेल काय गो? अजून सकाळी गॅलरीत मशेरी भाजल्याचा वास येतो मला. सुनेला विचारतो, तर ती म्हणते, कुठे काय, बाबा? मी रोज तिथे उभा राहतो आणि विचारतो, तुला माहीत होतं काय? एवढंच सांग."

मी जाऊन मॅडमना बोलावून आणलं. त्यांनी काकांचा हात हातात घेतला आणि सांगितलं, "काका, हे ते नाही. मशेरीचा काही संबंध नाही. दात कुजलेत, मुळाशी पू झालाय. दात काढले की बंड्या बरा."

काका हसले. "आम्ही पण तिला असंच सांगायचो, मॅडम. असंच हात धरून."

आणि कुत्रा घेऊन चालते झाले. आता या माणसाची समजूत कोणी काढायची! बंड्या मरणारच आहे, डॉक्टर आपलं मन राखतायत, मग कशाला त्याला कापायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं. मी फोन करायचे. "खातो का, काका?" "खातो की. दुधात पाव." मागे बंड्याचं कण्हणं ऐकू यायचं आणि मी फोन ठेवून स्वतःशीच चडफडायचे.

शेवटी काका त्याला उचलून घेऊन आले. डोळ्याखालचा गाल फुगून फुटला होता, त्यातून पू वाहत होता. शर्ट भरला होता त्यांचा. "पाणीपण घेत नाय," म्हणाले.

पंजा वर व्हायच्या आत मॅडमनी तिथेच सांगितलं. "दात काढले नाहीत तर हा उपाशी मरेल. काढले तर जगेल. मी तुमची कोण लागते, काका, तुमच्याशी खोटं बोलायला?"

काकांनी बंड्याकडे बघितलं. मग म्हणाले, "जरा थांबा." आम्हाला वाटलं, आता बाहेर नेणार. पण ते बंड्याच्या कानाशी वाकले. माझा हात जबड्याखाली होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"बंड्या, ऐक. तुका सगळा सांगतंय. तुजे दात कुजले हत. ते काढूचे लागतले. भूल देतले, दुखूचा नाय. उठलंस तरी मी हयच आसंय, नाय उठलंस तरी हयच आसंय. तुज्यापासून काय लपवूचा नाय आता."

एवढ्यावर थांबले नाहीत. बंड्याच्या कपाळाला कपाळ टेकून कितीतरी वेळ पुटपुटत राहिले आणि त्यात काकूंचं नाव येत होतं. मी मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिले. ते माझ्यासाठी नव्हतं.

बंड्या उठला. पुढचे थोडे दात तेवढे उरले, बाकी बोळकं. जीभ एका बाजूने कायम बाहेर. पण आठवड्याभरात मऊ भात आणि काटे काढलेला बांगडा असा चेपायला लागला की विचारू नका. "झकास झालंय पोरगं!" काका येईल त्याला सांगायचे. हिरड्या दाखवायला यायचे तेव्हा गावचं कडक, गोड खाजं घेऊन यायचे. "तुम्हाला दात आहेत, तुम्ही खा." आता कुत्र्याला सगळं सांगायची सवय लागली होती त्यांना. "बंड्या, आज टोचणार आहेत." "बंड्या, सून तापलीय, घरी गेल्यावर लांब राहा."

मग काका वाळत चालले. शर्ट खांद्यावरून उतरायला लागला. मी विचारलं तर म्हणाले, "पित्त."

एका दुपारी बंड्याची काही तक्रार नसताना त्याला घेऊन आले. बाकावर बसले. मी टेबल पुसत होते.

"बाय, आमच्या घरात हल्ली सगळे बाहेर जाऊन बोलतात."

मी फडकं ठेवून त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"परवा डॉक्टरकडे गेलेलो. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही बसा हां. दोघे बाहेर गेले. दाराच्या फटीतून दिसत होतं मला. मुलगा भिंतीला टेकला. रुमाल काढला. आणि मग आत आला तो हसत. म्हणाला, काही नाही बाबा, साधं पित्त आहे." काका बंड्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. "आत बसलेल्याला सगळं कळतं गो. तिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. आणि मला सांगायची, आज तोंड बरं वाटतंय."

मला रडू आवरेना. म्हटलं, "काका, मग मुलाला सांगा ना, तुम्हाला कळलंय म्हणून. बोला त्याच्याशी. नाहीतर तुम्हीपण तेच करणार!"

"नको. किती मेहनत घेतो तो हसायला, तू बघितलं नाहीस. ती माझ्यासाठी गप्प राहिली. मी माझ्या पोरासाठी राहीन." मग म्हणाले, "ह्याला सांगितलंय. तेवढं पुरे."

त्यानंतर काका आले नाहीत. बऱ्याच दिवसांनी त्यांचा मुलगा बंड्याला घेऊन आला. डोक्यावरचे केस नुकते उगवायला लागलेले. ते बघितल्यावर विचारायचं काही उरलंच नाही. काका गेले होते.

मी बंड्याचं तोंड उघडून बघितलं. हिरड्या स्वच्छ होत्या, गुलाबी. रोज पुसत असणार कोणीतरी. "बाबांनी शिकवलं मला," मुलगा म्हणाला. मग उगाच पट्टा गुंडाळत, सोडत उभा राहिला.

"ताई, बाबा तुमच्याशी बोलायचे ना खूप? एक विचारू? त्यांना कळलं नव्हतं ना? आम्ही त्यांना शेवटपर्यंत पित्तच सांगत होतो. झोप लागत नाही हो मला. एवढंच सांगा."

खरं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. त्याच्या बापाला जे उत्तर कोणी दिलं नाही, ते याला मी उभ्याउभ्या देऊ शकत होते. पण ते ऐकून या पोराचं काय झालं असतं?

"नाही," मी म्हटलं. "शेवटचे आले तेव्हाही पित्ताचीच तक्रार करत होते."

"नक्की ना?"

"नक्की."

"बरं झालं," तो म्हणाला. मग बाकावर बसला आणि तोंड हातांत घेऊन ढसाढसा रडला. बंड्या उठून त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या गुडघ्यांत डोकं घालून उभा राहिला. त्या दोघांपैकी खरं बंड्यालाच माहीत होतं.